ध्वनीची वाट कोणाच्या मालकीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

सप्टेंबर १९७६ मध्ये प्रागच्या एका न्यायालयाने चौघांना तुरुंगवासाच्या शिक्षा ठोठावल्या. कलासमीक्षक इव्हान यिरोउस यांना अठरा महिने, कवी पावेल झायिचेक यांना बारा महिने, आणि धर्मोपदेशक-गायक स्वातोप्लुक कारासेक व सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी आठ महिने. या मंडळींनी बॉम्ब तयार केले नव्हते, की कोणा मंत्र्याविरुद्ध कट रचला नव्हता. सरकारी परवाना नसताना गाणे, वाजवणे आणि अशा मैफली भरवणे एवढेच त्यांचे कृत्य होते. त्यावर आरोप ठेवण्यात आला तो दांडगाईचा! यांपैकी ब्राबेनेत्स ज्या वाद्यवृंदात वाजवीत, त्या ‘द प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’चा जन्म १९६८ च्या शरदात, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झाला होता. १९७० मध्ये त्याचा व्यावसायिक परवाना काढून घेण्यात आला. तेव्हापासून तो वाद्यवृंद अधिकृतरीत्या अस्तित्वातच नव्हता.

स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या राजवटीला एका सॅक्सोफोनची भीती का वाटावी, हा प्रश्न समाजवाद्यांनी टाळण्यासारखा नाही. परंतु त्याचबरोबर दुसराही एक प्रश्न विचारला पाहिजे. याच सुमारास लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या नावाने चौघे कलावंत एकत्र आले होते. हॅकनी भागातील एका जुन्या कारखान्याच्या तळघरात ते यंत्रांचे, ध्वनिफितींचे आणि विजेच्या घरघरीचे संगीत रचीत होते. त्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही. पण ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात अशा संगीताला जागा नव्हती. एकीकडे परवाना नाही म्हणून दार बंद, दुसरीकडे नफा नाही म्हणून दार बंद. तुरुंगाचे दार आणि दुकानाचे दार एकाच मापाचे आहे असे कोणीही म्हणणार नाही. तरीही दोन्ही दारांबाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती पुढील काही वर्षांत एकच साधन आले, आणि ते होते तळहातावर मावणारी कॅसेट.

या साधनाचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने ही कॅसेट प्रथम मांडली. बेल्जियममधील हासेल्ट येथे ल्यू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखालील तंत्रज्ञांनी ती तयार केली होती. यंत्र किती लहान असावे हे ठरवण्यासाठी ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याहून महत्त्वाची घटना पुढे घडली. जपानी कंपन्यांशी, विशेषतः सोनीशी झालेल्या वाटाघाटींनंतर फिलिप्सने ही रचना स्वामित्वशुल्क न घेता इतर उत्पादकांना वापरू दिली. अट एकच होती, की ठरलेल्या मापात कोणी बदल करू नये. एका खासगी कंपनीने धंद्याच्या सोयीसाठी केलेल्या या तडजोडीतून जगाला एक सामाईक मोजमाप मिळाले. टोकियोत भरलेली कॅसेट मिलानच्या यंत्रात चालू लागली आणि प्रागमधील कॅसेट लंडनमध्ये ऐकता येऊ लागली.

ग्रामोफोनची तबकडी आणि कॅसेट यांतील भेद केवळ आकाराचा नाही. तबकडी काढायची तर साचा पाडावा लागतो, दाबयंत्र लागते, कारखान्याला शेकडो प्रतींची मागणी आगाऊ द्यावी लागते. थ्रॉबिंग ग्रिसलने १९७७ मध्ये आपल्या ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ या संस्थेतर्फे पहिली मोठी ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा तिच्या केवळ ७८५ प्रती निघाल्या. तेवढ्यासाठीसुद्धा आधी पैसे उभे करावे लागले असणार, हे उघड आहे. कॅसेटची गोष्ट वेगळी. ती एकेक करून भरता येते. मागणी आली की प्रत काढावी. मागणी नसेल तर माल पडून राहण्याची भीती नाही. ज्या यंत्रावर माणूस ऐकतो त्याच यंत्रावर तो ध्वनिमुद्रणही करू शकतो. १९७९ मध्ये टीअ‍ॅक कंपनीचे चार स्वतंत्र पट्टे साध्या कॅसेटवर मुद्रित करणारे यंत्र बाजारात आले आणि घरातील खोलीत स्टुडिओचे पुष्कळसे काम होऊ लागले. श्रोता आणि उत्पादक यांच्यामधली भिंत येथे प्रथमच इतकी पातळ झाली.

ज्यांनी मराठीतील लघुनियतकालिकांची चळवळ पाहिली किंवा वाचली आहे, त्यांना यात ओळखीचे काही सापडेल. प्रस्थापित मासिके जे छापीत नाहीत ते सायक्लोस्टाइलवर किंवा छोट्या छापखान्यात छापावे, शंभर-दोनशे वाचकांना पाठवावे, तोटा झाला तर मित्रांनी वाटून घ्यावा, हीच रीत पश्चिमेकडील कॅसेटसंस्थांनी पत्करली. अशा संस्थेला कार्यालय नसे. एक टेबल, दोन टेपयंत्रे, झेरॉक्स केलेली वेष्टने आणि पत्त्यांची एक वही एवढाच तिचा पसारा. ब्रिटनमध्ये १९८० च्या आसपास अनेकांनी विक्री हा प्रकारच टाळला. कोरी कॅसेट आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवा. संगीत भरून परत मिळेल, असा हा व्यवहार होता. टोकियोत मासामी अकिता यांनी ‘मेर्झबाउ’ या नावाने कर्कश, निव्वळ कोलाहलाचे वाटावे असे संगीत सुरू केले आणि ‘लोएस्ट म्युझिक अँड आर्ट्स’ म्हणजे ‘अगदी खालच्या प्रतीचे संगीत व कला’ असे नाव देऊन त्याच्या कॅसेटी टपालाने जगभर धाडल्या. अमेरिकेत लोवेल या जुन्या गिरणीगावातील ‘आरआरआर’ या संस्थेने त्याहून गमतीदार युक्ती केली. बाजारातील लोकप्रिय गाण्यांच्या टाकाऊ कॅसेटी घ्यायच्या, त्यांवर नव्या कलावंतांचे संगीत मुद्रित करायचे आणि वेष्टनाला चिकटपट्टी लावून त्यावर हाताने नाव लिहायचे. बाजाराचा कचरा हाच येथे कच्चा माल झाला.

हे सर्व एकमेकांना सापडले कसे? वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया या छोट्या शहरातून १९७९ ते १९८४ या काळात ‘ऑप’ नावाचे नियतकालिक निघत असे. इंग्रजी वर्णमालेतील एकेका अक्षराला एक, असे त्याचे २६ अंक निघाले आणि वर्णमाला संपताच ते बंद करण्यात आले. त्यात स्वतंत्र कलावंतांच्या कॅसेटींची परीक्षणे येत आणि त्यांचे पत्तेही छापले जात. परीक्षण वाचायचे, पत्र टाकायचे, आपली कॅसेट पाठवून दुसऱ्याची मागवायची. या देवघेवीत पैसा फारसा फिरत नसे. फिरत असे तो परिचय.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे, कारण संगीताचे इतिहासकार बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष करतात. हा सारा व्यवहार टपालखात्याच्या खांद्यावर उभा होता. ब्रिटनचे टपालखाते तेव्हा सार्वजनिक मालकीचे होते. अमेरिकेत पुस्तकांप्रमाणेच ध्वनिमुद्रणांनाही सवलतीचा टपालदर मिळत असे. टपालखात्याने कधी विचारले नाही, की या पाकिटातील संगीत किती लोकांना आवडते. एका कॅसेटला आणि मोठ्या कंपनीच्या पाकिटाला एकच तिकीट, एकच पोस्टमन. स्वतंत्र म्हणवणाऱ्या या कलावंतांचे स्वातंत्र्य असे एका सार्वजनिक सेवेवर विसावले होते. सवलतीच्या टपालदरावर ज्यांची साप्ताहिके आणि पत्रके वाचकांच्या घरी पोचत आली आहेत, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

प्रस्थापितांची प्रतिक्रिया काय झाली? ब्रिटिश ध्वनिमुद्रिका उद्योगाने १९८१ मध्ये मोठी मोहीम काढली. कॅसेटच्या आकाराची कवटी आणि खाली दोन हाडे असे चित्र छापून, घरी केलेले ध्वनिमुद्रण संगीताचा जीव घेत आहे असा प्रचार करण्यात आला. त्याच वर्षी आयलँड या कंपनीने एका बाजूला पूर्ण संगीत आणि दुसरी बाजू कोरी अशा कॅसेटी विकल्या, तेव्हा उद्योगातील इतर धुरीण तिच्यावर रुष्ट झाले. दोन कॅसेटी एकदम बसणारे, प्रत काढण्याचे यंत्र विकणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीविरुद्धचा दावा तर थेट लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत गेला. १९८८ मध्ये तेथे निकाल लागला, की असे यंत्र विकणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. या साऱ्या वादात एक मुद्दा सोयीस्करपणे झाकला गेला. ज्या संगीताला उद्योगाने कधी जवळ केलेच नाही, ते या प्रतींमुळेच जिवंत राहिले होते.

आता पुन्हा प्रागकडे वळू. झेकोस्लोव्हाकियात ध्वनिमुद्रिका काढण्याचा अधिकार सुप्राफोनसारख्या राज्यसंस्थांपुरता मर्यादित होता. सार्वजनिक मालकी होती. पण जनतेचा तिच्याशी संबंध नव्हता. सत्तर साली वादकांच्या परीक्षा घेऊन त्यांना पात्र-अपात्र ठरवण्याचे सत्र सुरू झाले. जे अपात्र ठरले त्यांनी खेड्यांतील खानावळी, मित्रांची लग्ने आणि घरे यांचा आधार घेतला. १९७८ मध्ये प्लॅस्टिक पीपलने येशूच्या यातनांवरील एक दीर्घ रचना वाक्लाव हावेल यांच्या ह्रादेचेक येथील ग्रामीण घरात मुद्रित केली. ती तबकडी म्हणून देशात निघणे शक्यच नव्हते. ती एका टेपवरून दुसऱ्या टेपवर, एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जात राहिली. ब्रनो शहरात पेत्र त्सिबुल्का यांनी अशा संगीताच्या प्रती काढून वाटण्याचे काम वर्षानुवर्षे केले आणि राजवटीचा तुरुंगवासही अनेकदा भोगला. तेथे टपालावर भरवसा ठेवता येत नव्हता, कारण पाकिटे उघडली जात. म्हणून टपालखात्याचे काम माणसांनी स्वतःच्या पायांनी केले. आपल्याकडे आणीबाणीच्या एकोणीस-एकवीस महिन्यांत ज्यांनी सायक्लोस्टाइल केलेली पत्रके झोळीतून पोचवली, त्यांना या जोखमीचा अर्थ समजेल. ‘भूमिगत’ हा शब्द लंडनमध्ये बहुतांशी अभिरुचीचा होता. प्रागमध्ये तो शब्दशः खरा होता.

आणि तरीही त्या चौघांवरील खटल्याचा परिणाम राजवटीच्या अपेक्षेपेक्षा उलट झाला. लेखक, तत्त्वज्ञ, पक्षातून काढून टाकलेले सुधारणावादी कम्युनिस्ट आणि धार्मिक मंडळी, जी एरवी एका टेबलाभोवती बसली नसती, ती या केसाळ वादकांच्या बचावासाठी जवळ आली. त्यातूनच जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे निवेदन प्रसिद्ध झाले. एका अल्पसंख्य, अनेकांना कानठळ्या बसवणाऱ्या कलेच्या हक्कासाठी उभे राहणे म्हणजे सर्वांच्या हक्कासाठी उभे राहणे होय, हे त्या देशाने तेव्हा ओळखले.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक उदाहरण होते. युगोस्लाव्हियात, ल्युब्लियाना येथे, विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक संस्था आणि १९६९ पासून चालणारे विद्यार्थी नभोवाणी केंद्र यांच्या आश्रयाने एक नवी कलाचळवळ वाढली. ‘एफ व्ही’ या गटाने ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ‘बोर्गेसिया’सारख्या प्रायोगिक वाद्यवृंदांच्या कॅसेटी प्रकाशित केल्या. तेथेही सारे आलबेल नव्हते. ‘लायबाख’ या गटाला १९८३ नंतर काही वर्षे आपले नाव वापरून शहरात कार्यक्रम करण्यास बंदी होती. परंतु सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, तरीही विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या संस्था असल्या, की बाजार आणि पोलिसखाते यांच्यामधून एखादी वाट निघू शकते, एवढे त्यावरून दिसले. लोकशाही समाजवादाच्या दृष्टीने हे उदाहरण इतर दोहोंपेक्षा अधिक विचारार्ह आहे.

या चळवळीचे निव्वळ कौतुक करून चालणार नाही. तिचे दोषही स्पष्ट बोलले पाहिजेत. कोझी फॅनी टुटी यांच्यासारखा अपवाद सोडला, तर हे जग बव्हंशी पुरुषांचे राहिले. धक्का देण्याच्या हौसेपोटी काही गटांनी छळछावण्यांची आणि फॅसिस्ट चिन्हांची चित्रे वेष्टनांवर वापरली. राज्यसत्तेचे क्रौर्य उघडे करणे हा हेतू असल्याचा दावा त्यांच्या बाजूने केला जाई; पण ते पाहणाऱ्या प्रत्येकाला तो हेतू कळतोच असे नाही, आणि ज्यांची माणसे त्या छावण्यांत मेली त्यांना तो समजावून सांगणे अवघडच. शिवाय कॅसेट भरणाऱ्याला मजुरी मिळत नसे. ज्यांचे पोट दुसऱ्या नोकरीवर भरते त्यांनाच हे परवडे. विनामूल्य श्रम ही मैत्रीची खूण असू शकते. पण त्यावर कायमची व्यवस्था उभारता येत नाही.

साधन एकच असले तरी समाज त्याचे काय करतो हे महत्त्वाचे, याचा पुरावा आपल्या देशातच मिळतो. ग्रामोफोन कंपनीची भारतातील जुनी मक्तेदारी ऐंशीच्या दशकात कॅसेटनेच मोडली. महाराष्ट्रात भीमगीतांच्या कॅसेटी वस्त्यावस्त्यांत वाजू लागल्या आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर त्यांची दुकाने लागू लागली. नभोवाणीने ज्यांना क्वचित जागा दिली ते आवाज लोकांपर्यंत पोचले, हा मोठाच लाभ होता. परंतु त्याच लाटेवर ‘सुपर कॅसेट्स’सारखी नवी बलाढ्य कंपनीही उभी राहिली. म्हणजे कॅसेटने जुना मक्तेदार घालवला. नवा मक्तेदार येणार नाही याची हमी मात्र ती देऊ शकली नाही. यंत्र स्वस्त झाले म्हणजे मुक्ती आली, ही समजूत त्यामुळेच भाबडी ठरते.

पुढील इतिहास हेच अधिक ठळकपणे सांगतो. कॉम्पॅक्ट डिस्क आणि त्यानंतर संगणक आल्यावर कॅसेट संपली असे मानले गेले. पण प्रायोगिक संगीताच्या छोट्या संस्थांनी ती सोडली नाही. लॉस एंजेलिसमधील ‘नॉट नॉट फन’, लंडनमधील २००९ पासूनची ‘द टेपवर्म’ अशा अनेक संस्थांनी शंभर-दोनशे प्रतींच्या कॅसेटी काढण्याची रीत पुन्हा रुजवली. मात्र आता खरेदीदारापर्यंतची वाट बदलली होती. ती बहुतांशी ‘बँडकॅम्प’ या संकेतस्थळावरून जाऊ लागली. २००८ मध्ये सुरू झालेल्या या व्यवसायाने कलावंतांना बराच न्याय्य वाटा दिला, हे मान्य केले पाहिजे. डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के, एवढेच कमिशन तो घेई. २०२० च्या महामारीत ठरावीक शुक्रवारी आपला वाटा त्याने सोडूनही दिला.

पण ही वाट खासगी मालकीची होती. मार्च २०२२ मध्ये ‘एपिक गेम्स’ या खेळ तयार करणाऱ्या बड्या कंपनीने बँडकॅम्प विकत घेतली. २०२३ मध्ये तेथील कर्मचाऱ्यांनी कामगार संघटना स्थापन करून मतदानाने तिला मान्यता मिळवली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर एपिकने ती कंपनी ‘साँगट्रेडर’ला विकत असल्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. ज्यांच्या कॅसेटी त्या वाटेवरून जात होत्या त्या शेकडो छोट्या संस्थांना या दोन्ही सौद्यांबद्दल कोणी विचारले नाही. विचारण्याची कायदेशीर गरजही नव्हती, आणि अडचण नेमकी तीच आहे. दरम्यान सार्वजनिक वाटही अरुंद होत गेली. ब्रिटनचे रॉयल मेल २०१३ मध्ये शेअरबाजारात विकले गेले. अमेरिकेहून परदेशी पाकीट पाठवण्याचा दर त्याच वर्षी मोठ्या प्रमाणात वाढला, आणि कॅसेटपेक्षा तिचे टपाल महाग अशी स्थिती आली.

मित्रहो, या साऱ्याचे तात्पर्य संगीतापुरते मर्यादित नाही. कॅसेटसंस्थांच्या यशामागे तीन गोष्टी होत्या. कोणाच्याही मालकीचे नसलेले मोजमाप, सर्वांना समान दराने नेणारी टपालसेवा, आणि एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांची पत्त्यांची वही. यंत्राचे स्थान या तिहींनंतरचे. चळवळीतील मंडळी आज आपली पत्रके, गाणी आणि भाषणे ज्या संकेतस्थळांवरून पाठवतात, त्यांचा दर, नियम आणि दार उघडे ठेवण्याचा निर्णय दूरच्या एखाद्या संचालक मंडळाच्या हाती आहे. ती वापरू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण दार बंद झाले तर दुसऱ्या दिवशी शंभर माणसांपर्यंत कसे पोचायचे, याचे उत्तर प्रत्येक शाखेच्या वहीत लिहिलेले असले पाहिजे. आणि टपाल, ग्रंथालय, सभागृह, जनतेची नभोवाणी या सार्वजनिक वाटांची लढाई ही केवळ कर्मचाऱ्यांच्या पगाराची लढाई समजू नये. ज्यांच्या आवाजाला आज गिऱ्हाईक नाही, त्यांच्या आवाजाची ती लढाई आहे.

प्रागच्या त्या न्यायालयातील चौघांचे संगीत इथल्या बहुतेकांना कदाचित आवडणार नाही. ते आवडण्याची गरजही नाही. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर ते उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला तरी ते कुठे आवडत होते? तरीही त्यांनी प्रती काढल्या, पिशवीत घातल्या आणि पुढच्या दाराशी नेऊन दिल्या.